वीस मिनिटं पुढे

बाबा,

मागच्या पत्रात मी तुम्हाला लिहिलं होतं, की त्या दिवशी आम्ही बरोबर दोन वाजता मागे फिरलो. ते चूक आहे. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. मी वहीचं ते पान पुन्हा काढलं, ‘दोन’ या शब्दावर एकच आडवी रेघ मारली, खालचं अक्षर वाचता येईल अशी, बाजूला ‘दोन वीस’ लिहिलं आणि सही केली. तुम्ही शिकवलं होतं तसंच. पण तुम्ही गेल्यापासून तेरा वर्षं ही पत्रांची वही मी एकटीच लिहिते आणि एकटीच वाचते. तिच्यातल्या दुरुस्तीनं कुणाचं काही हलत नाही. ज्या कागदावर ती व्हायला हवी तो कागद सराफ्यामागच्या एका खोलीत, देवाच्या फळीवर, महादेवाच्या तसबिरीला टेकवून ठेवलेला आहे. त्यावर अजून दोनच वाजलेले आहेत.

तुम्हाला पहिल्यापासून सांगायला हवं, आणि पहिल्यापासून म्हणजे आपल्या स्वयंपाकघरापासून. शाळेच्या फाटकाशी मला उलटी व्हायची. आई दोनदा सोडून आली, दोनदा शाळेनं परत पाठवलं. तुम्ही पहिल्या पाळीहून येऊन हात धुता धुता म्हणालात, “काहून रडून राहिली? शाळा काय पळून चालली? दोन वर्षं मी शिकवतो हिला.” फॅक्टरीत तुम्ही तपासणी विभागात होता. तिथला एक खिळासुद्धा घरी आणायचा नाही हा तुमचा नियम, म्हणून माझ्यासाठी तुम्ही एका जुन्या लाकडी फूटपट्टीला दोन भोकं पाडलीत, एक मोठं, एक किंचित लहान. मी ताटातला एकेक हरभरा उचलते. मोठ्या भोकातून तो गेला पाहिजे, लहान भोकातून जाता कामा नये. तुम्ही शेजारी पाटावर बसून विचारता, “जातो का जात नाही?” मी म्हणते, “जवळजवळ जातो.” तुम्ही मान हलवता. “जवळजवळ असं काही नसते पोरी. जातो, नाहीतर जात नाही.” आई चुलीपाशी कपाळाला हात लावते. “तुमचं इन्स्पेक्शन होईपर्यंत लोकं जेवून झोपतीन. हरभरे पास झाले तर मला द्या, उसळ करायची हाय.”

एका मे महिन्यात तुम्ही मला व्हरांड्यातलं तापमान रोज दुपारी पाहून लिहायला सांगितलं होतं. मी पाच दिवस पाहिलंच नाही आणि सहाव्या दिवशी पाचही आकडे बसून भरले. तुम्ही वही हातात घेतलीत, उजेडाकडे धरलीत. “पाच दिवस शाई एकच. आणि रोज थोडं थोडं वाढत गेलं. जबलपूरचं ऊन तुला विचारून तापते काय?” मी रबर आणायला धावले. तुम्ही हात धरून बसवलंत. आवाज चढवला नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. “रबर नाही. पेन्सिल तर नाहीच नाही. एक रेघ. खालची चूक दिसली पाहिजे. बाजूला सही कर.” मी विचारलं, सही कशाला. तुम्ही म्हणालात, “सही केली की चूक तुझी होते. नाही केली तर ती जात नाही कुठं. दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर जाऊन बसते.” मी तेव्हा आठ वर्षांची होते. पाच रेघा आणि पाच सह्या करून रडत उठले. तुमचं ते वाक्य माझ्या लक्षात राहिलं, पण ते कोणाच्या डोक्याबद्दल आहे हे कळायला वीस वर्षं लागली.

असे तुम्ही. आणि तरी आपल्या घरातलं एकही घड्याळ कधी खरं नव्हतं. कधीतरी, माझ्या जन्माच्याही आधी, तुम्ही भोंगा वाजून गेल्यावर गेटवर पोचला होता आणि गेट बंद झालं होतं. सगळ्यांसमोर बाहेर उभं राहावं लागलं. त्या दिवशी घरी येऊन तुम्ही भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं पुढे केलंत, आणि मनगटावरचंही. तेव्हापासून आपल्याकडे ‘घरचे नऊ’ आणि ‘भोंग्याचे नऊ’ असे दोन नऊ होते. कुणी घड्याळ पाहिलं की वजा वीस, डोळ्याची पापणी लवावी तसं, आपोआप. तुम्ही गेलात तेव्हा दवाखान्यातल्या बाईंनी तुमचं चावीचं घड्याळ माझ्या हातात दिलं. मी पाहिलं आणि तेव्हाही वजा केलं. नंतर ते मी रोज चावी देऊन वापरत राहिले, वीस मिनिटं पुढेच ठेवून. ते मागे घेणं म्हणजे तुमचा हात मनगटावरून काढल्यासारखं वाटायचं.

डोंगराचं वेड मला कसं लागलं असं आई अजून विचारते. मी तर जिन्यावरूनही कठडा धरून उतरणारी. पण कॉलेजात असताना मदनमहालच्या टेकडीवर दोर लावून खडक चढायला शिकवत, आणि तिथं मला पहिल्यांदा वाटलं, की माझ्या भीतीला इथं काम आहे. प्रत्येक गाठ दोनदा तपासायची, मी तीनदा तपासायची. तिथंच ती भेटली. उंच, मोठ्यानं हसणारी. तिची अम्मा सराफ्यातल्या दुकानांसाठी दागिने रेशमी दोऱ्यात ओवून द्यायची, पटव्याचं काम. “गाँठ तो हमारे खून में है,” ती म्हणायची. आणि मी तिच्या कमरेची गाठ हातात घेऊन पाहायला लागले की हात जोडून उभी राहायची. “इन्स्पेक्टर साहब, पास कि रिजेक्ट?” बाबा, मला तुमच्या खात्याचं नाव तिनं दिलं. सात वर्षं आम्ही एका दोरावर चढलो. धाकट्या शिखरांवर, मग मोठ्या. शेवटचं सात हजार मीटरच्या वरचं.

तिथं काय होतं ते जबलपुरात बसून सांगता येत नाही, तरी लिहिते. एक पाऊल आणि तीन श्वास, मग पुन्हा एक पाऊल. छातीत हवा जाते पण तिच्यात काही नसतं, ताकातलं लोणी काढून घ्यावं तसं. पाण्याची बाटली अंगाशी धरली तरी तोंडाशी बर्फ. भूक मरते. तहान लागली आहे हे कळत नाही. बोटं दुखतात तोवर बरं, दुखायची थांबली की घाबरायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डोकं. ते थंडीतल्या तुपासारखं होतं. हातमोजा काढायचा का घालायचा एवढा विचार पुरा व्हायला वेळ लागतो. तिथं माणूस नवा विचार करत नाही. सवय तेवढी उरते, आणि सवयच चालते.

शेवटच्या कॅम्पवर आदल्या संध्याकाळी लीडरनं आम्हा सगळ्यांना घड्याळं एकमेकांशी जुळवायला सांगितली. “सबकी घड़ी एक टाइम. कल दो बजे मतलब दो बजे. चोटी दस कदम पर हो तब भी वापस.” मी तुमच्या घड्याळाचे काटे वीस मिनिटं मागे घेतले. तेरा वर्षांत पहिल्यांदा. तिनं पाहिलं आणि म्हणाली, “लो, इन्स्पेक्टर साहब आज दुनिया के टाइम पर आ गए.” आम्ही हसलो. काटे मी फिरवले, बाबा. डोक्यातलं वजा वीस तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर आणखी एक मुलगी आणि शेर्पा होते. सकाळी वरच्या उतारावर त्या तिसरीचा तोल जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं. शेर्पा तिला घेऊन ताबडतोब खाली निघाला, ते करणं भागच होतं. वॉकीटॉकी त्याच्याजवळ. आकाश निळं होतं, वाट कळत होती, खालच्या कड्यावर जिथून बांधलेले दोर सुरू होत तिथं लाल फडकं लावलेलं होतं. जाताना तो एवढंच म्हणाला, “दो बजे, दीदी.” आम्ही दोघी धारेवरून पुढे गेलो. तिचं आकड्यांचं घड्याळ थंडीनं कोरं झालं होतं. वेळ फक्त माझ्या मनगटावर होती.

ती बर्फात रोवलेल्या कुऱ्हाडीवर कपाळ टेकून थांबली. मला ते अजून दिसतं. ती मान वर न करता विचारते, “टाइम हो गया क्या?” मी बाही मागे सारते. काटे दोन वाजून दहा मिनिटांवर आहेत. माझं डोकं म्हणतं, घरचे दोन दहा, म्हणजे एक पन्नास.

“अभी दस मिनट हैं.”

“पक्का?”

“पक्का.”

“चलो फिर. तुम्हारी घड़ी, तुम्हारा राज.”

तिला ‘हो गया’ ऐकायचं होतं. मला तेव्हाही ते कळलं होतं. पण नियम दोनचा होता, एक पन्नासचा नाही, आणि मी नियम पाळणारी मुलगी. मी ती दहा मिनिटं पुरती वापरली. काटे दोन वीसवर आले तेव्हा म्हटलं, बस. शिखर समोर दिसत होतं, एखाद्या चौमजली इमारतीएवढं वर. आम्ही वळलो आणि मला अभिमान वाटला, की शिखर समोर असूनही आम्ही वेळेवर वळलो.

उतरताना ढग खालून आला. आधी दरी गेली, मग धार, मग तिचे बूट. लाल फडकं जवळच असणार हे कळत होतं, पण कुठल्या बाजूला ते नाही, आणि दोन्ही बाजूंना कडा. आम्ही एका खडकाच्या आडोशाला बसलो, वारा थांबला की निघू म्हणून. तो थांबला नाही. ती आधी थट्टा करत होती, मग अम्माशी बोलल्यासारखं बोलायला लागली, मग तिनं हातमोजा काढून बाजूला नीट घडी घालून ठेवला, जणू घरी पोचली. मी तो पुन्हा पुन्हा घालत राहिले. ढग गेला तेव्हा मी एकटी होते, तिला धरून. खालून शेर्पा येताना दिसला आणि त्याच्या आधी ते फडकं दिसलं. नंतर त्यानं मोजली, पन्नास पावलं. वीस मिनिटं आधी वळलो असतो तर काय झालं असतं ते कुणालाच माहीत नाही असं मला समजावता येईल. मी स्वतःला ते समजावून पाहिलं. पण कितीही थकलेला माणूस वीस मिनिटांत पन्नास पावलं चालतो. इथं जवळजवळ असं काही नसतं.

तंबूत लीडरनं विचारलं, “वापस कितने बजे मुड़े?” माझ्या डाव्या हाताला पट्ट्या होत्या. मी म्हणाले, “दो बजे.” मला ते खरंच वाटत होतं, बाबा. तेवढं तरी माना. “नियम तो माना तुम लोगों ने,” असं म्हणून त्यांनी अहवालात लिहिलं, की दोन्ही सदस्य ठरलेल्या वेळी, दोन वाजता परत फिरल्या, एका सदस्याची शारीरिक ताकद कमी पडली. मी उजव्या हातानं सही केली.

चूक मला आपल्या स्वयंपाकघरात सापडली. घरी येऊन तिसरा आठवडा होता. मी डाव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांत शेंग धरून मटार सोलत होते, घड्याळ ओट्यावर काढून ठेवलेलं. फॅक्टरीचा भोंगा झाला. आईनं कणीक मळता मळता घड्याळाकडे पाहिलं. “अगं, हे मागं पडून राहिलं काय? भोंगा अन् हे एकच दाखवून राहिले.” मी म्हणाले, “मीच बरोबर केलं. डोंगरावर.” आणि शेंग हातात तशीच राहिली. आई बोलत होती, “अच्छा, म्हणून. मी म्हटलं तुझ्या बाबांचं घड्याळ कधीपासून खरं बोलायला लागलं.” ती थट्टा करत होती. मी उठून मोरीत गेले आणि शाळेच्या फाटकाशी व्हायचं तसंच झालं.

त्या दिवशी मला तुमचा राग आला. इतका, की तुमचा फोटो पालथा घातला. आयुष्यात एक आकडा अंदाजानं लिहिला नाहीत आणि घरात आम्हाला खोट्या घड्याळावर वाढवलंत, एका दिवसाच्या लाजेपायी. संध्याकाळी फोटो सरळ केला. घड्याळ तुमचं होतं, ‘पक्का’ मी म्हणाले होते.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्याआधीच मी तिच्या अम्माकडे जायला लागले होते. लीडर येऊन त्यांना सांगून गेले होते, की मुलींची काही चूक नाही, बिटियाच्या शरीरानं साथ दिली नाही. अहवालाची प्रत ठेवून गेले. अम्मांनी ती देवाच्या फळीवर ठेवली. चष्मा असून त्यांना ती वाचवत नाही, म्हणून मी गेले की म्हणतात, “वो वाली लाइन फिर पढ़ दो, बेटा.” मी वाचते. ठरलेल्या वेळी, दोन वाजता. एका सदस्याची शारीरिक ताकद कमी पडली. त्या मान हलवतात. “मैंने ही कमज़ोर किया उसको. लगन के लिए सोलह सोमवार पकड़वाए, ग्यारह कर के गई थी वो. भूखी लड़की को पहाड़ भेज दिया मैंने.” मी म्हणते, “नहीं अम्मा, ऐसा नहीं है.” त्या म्हणतात, “कागज़ में लिखा तो है.”

ती त्या उपवासांची थट्टा करायची, दुपारी माझ्या डब्यातली पोळी खायची, हेही मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांनी स्वतः सोळा सोमवार धरले, प्रायश्चित्त म्हणून, दिवसभर पाण्यावर. दागिने ओवताना आता त्यांना गाठ आवळवत नाही. गेल्या महिन्यात सराफ्यातल्या एका दुकानानं काम परत पाठवलं, गाठी सैल म्हणून. पंधरा सोमवार झाले. प्रत्येक सोमवारी संध्याकाळी पूजेनंतर त्या चुरम्याचा प्रसाद आधी माझ्या हातावर ठेवतात, कारण मी तिच्याबरोबर शेवटपर्यंत होते. पंधराही वेळा मी तो खाल्ला. चुरमा गोड असतो आणि मला तो आवडतो, हे लिहिताना मला स्वतःची किळस येते.

न सांगण्याची कारणं मी तुमच्या पट्टीतून घालून पाहिली. त्यांचं दुःख वाढेल, हे जात नाही. याहून जास्त ते काय वाढणार. आता काय उपयोग, हेही जात नाही. त्या अजून उपाशी बसतात. शेवटी एकच कारण पास झालं. मला भीती वाटते. त्या दार लावून घेतील, आणि तिच्याबद्दल बोलायला मला या शहरात दुसरं घर नाही. मी त्या खोलीत गेले की अजून कुणीतरी मला इन्स्पेक्टर साहब म्हणेल असं वाटतं. ते सोडवत नाही म्हणून एक म्हातारी बाई माझी चूक डोक्यावर घेऊन बसली आहे, आणि मी आठवड्यातून एकदा जाऊन ती तिला वाचून दाखवते. सांगितल्यावर मला हलकं वाटेल अशी आशा नाही. ती परत येणार नाही, अम्मा माफ करणार नाहीत, आणि करू नये. मी पुन्हा दोर धरणार नाही. मागे पुढे कुठंही पाहिलं तरी पांढरंच आहे. फक्त ते ‘दोन’ तिथून उठलं पाहिजे.

आज शुक्रवार. सोळावा सोमवार तीन दिवसांवर आला. त्यानंतर सांगणं सोपं जाईल असं मन म्हणतं. व्रत पुरं होऊ दे, त्यांना दोन घास खाऊ दे. पण मग तो सोमवारही त्या माझ्यासाठी उपाशी राहतील. म्हणून त्याच्या आधी. त्या फळीवरचा कागद मी खाली घेईन, ‘दोन’वर एक रेघ मारीन, खालचं दिसेल अशी, ‘शारीरिक ताकद’वरही. बाजूला हिंदीत ‘दो बीस’ लिहीन आणि पूर्ण सही करीन. मग त्या काय म्हणतील ते उभी राहून ऐकीन.

हे पत्र कुठं पाठवायचं नसतं, म्हणून तुम्हाला एक सांगून टाकते. हे सगळं मी पेन्सिलीनं लिहिलं आहे. चार दिवस लिहिते आहे, आणि दोनदा रबरही वापरलं. शाईचं पेन पर्समध्ये आहे, ते त्या कागदासाठी. जायचं रविवारी, सोळाव्या सोमवारच्या आदल्या दिवशी, सकाळी दहा वाजता. भोंग्याचे दहा.